मागच्या रांगेतून

बावीस वर्षं मी या सभागृहाचे दिवे मालवतो.
कोन्सेप्सियोन, स्थापत्य विभाग, दुसरा मजला.
प्रोजेक्टरची वायर माझी, खडू माझे,
आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण
आधीच सैल करून ठेवणं, तेही माझंच.
थरथरत्या हातांना ते उघडत नाही,
हे कुठल्याच प्राध्यापकाला ठाऊक नाही.

आज यानिरा वेंचुमिल.
चौदा मजली इमारत, पायाशी रबराचे आधार,
भूकंपात ती कशी डोलेल याचं गणित.
मुलीला सगळं तोंडपाठ,
म्हणून तोंड पडद्याकडे, पाठ आमच्याकडे.
लाल ठिपका आलेखावर सैरावैरा,
आणि तिचा आवाज त्याच्यामागे धापा टाकत.
एका स्लाइडवर मी मोजल्या, एकतीस ओळी.
माझ्या घराच्या खरेदीखतातही एवढ्या नव्हत्या.

डॉक्टर ओयार्सून पेनाचं टोपण चावतायत.
"वरच्या मजल्याचं विस्थापन चौतीस सेंटिमीटर,"
ती म्हणते, आणि बटण दाबते. पुढची स्लाइड.

मी बोलायला नको होतं.
माझ्या नेमणुकीच्या कागदात प्रश्न विचारणं नाही.
पण त्या फेब्रुवारीत, पहाटे, नवव्या मजल्यावर
आमचं कपाट पलंगावर पडलं होतं.
बायकोच्या बाजूला.

"पोरी, चौतीस म्हणजे किती?"

कुणीतरी फिसकन हसलं. खुर्ची करकरली.
ती वळली.
तेव्हा कुठे तिचा चेहरा दिसला,
वरच्या ओठावर घाम.
तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं,
जणू आत्ताच कुणी आणून दिलाय.
"एवढं. कोपरापासून मुठीपर्यंत."
मग ती स्वतःच डोलली, सावकाश,
एका पायावरून दुसऱ्यावर.
"जाऊन परत यायला तीन सेकंद.
कपातला चहा सांडेल.
कपाट पडणार नाही."
थोडं थांबून, खालच्या आवाजात,
"माझी मावशी अजून बूट घालून झोपते.
तिला हे सांगायचं राहिलंय."

लाल ठिपका तोवर छतावर जाऊन बसला होता.

वेळ संपली. निष्कर्षाची स्लाइड राहूनच गेली,
तिचे तीन गुण गेले.
ओयार्सूनांच्या कागदावर मी उलटं वाचलं.
जाताना ती मला काही म्हणाली नाही,
मीही नाही.

रात्री कुलूप लावण्याआधी
रिकाम्या सभागृहाच्या भिंतीवर हात टेकवून बघितला,
कोपरापासून मुठीपर्यंत.
चहा सांडेल.
सांडू दे.