डिमिट

वरून मसुदा आला, इंग्रजीत, अडीच ओळींचा.
उपजल अभियंता श्री. चेंबूरकर
एकतीस तारखेला कार्यालय सुटताना
आपलं पद अमुक करतील.
त्या अमुकच्या जागी हे क्रियापद:
डिमिट.

आमच्या टेबलावर कुणाच्याच ओळखीचं नाही.
शिपाई म्हणाला, ॲडमिट असेल हो,
साहेबांना शुगर आहेच.

कपाटातला कोश काढला, पाठीचा पुठ्ठा सुटलेला.
कसरीनं ड मधले बरेच शब्द खाल्लेत,
हा तेवढा ठेवलाय, चवीला आवडला नसावा.
अर्थ: सोडणे.
पण काय वाटेल ते नाही. फार सोवळं क्रियापद आहे,
त्याला एकच कर्म चालतं, पद.
तंबाखू डिमिट करता येत नाही,
भाड्याची खोली नाही,
नवरा तर नाहीच, हे लोबो बाई म्हणाल्या.
त्यांनीच सांगितलं, लॅटिन आहे ते,
मीस संपताना पाद्री म्हणतो ना, जा आता,
त्या घरातलं.

मला मराठी करायचं होतं, साडेपाचच्या आत.
राजीनामा म्हणावं, तर त्यात राजी आहे,
चेंबूरकर राजी नव्हते, एक्स्टेन्शन मागून थकले होते.
पायउतार म्हटलं की पेपरातला मंत्री दिसतो.
खुर्ची खाली करणे, हे भाडेकरूला म्हणतात.
मी शब्द नुसता उच्चारून बघितला.
डि विरून जातो.
मिट उरतं ओठांवर,
आणि ओठ मिटूनच ते सुरू होतं.

मसुद्याच्या खाली, बारीक टायपात, आणखी एक नाव होतं.
रहाटे बाबाजी सोमा, चावीवाला, भंडारवाडा जलाशय.
तारीख तीच.
क्रियापद मात्र साधं, रोजच्या वापरातलं,
रिटायर.
त्याला कोश उघडावा लागत नाही.

रहाटे फॉर्मवर सही करायला आले तेव्हा
मी विचारलं, तुम्ही काय सोडणार, रहाटे?
म्हणाले, मी? मी पाणी सोडतो.
तेहतीस वर्षं तेच सोडतोय.
मग बोटांवर मोजून दाखवलं,
डोंगरीच्या व्हॉल्व्हला चौदा आटे, उलटे,
नवव्याला थांबायचं, हवा जाऊ द्यायची,
नाहीतर पाइप खोकतो आणि बायका शिव्या देतात.
माझ्या आईला धरून.

मी लिहिलं, दोघांसाठी एकच वाक्य:
एकतीस तारखेला
श्री. चेंबूरकर व श्री. रहाटे
आपापल्या कामावर पाणी सोडतील.

अधीक्षकांनी लाल पेन घेतलं.
हे काय श्राद्ध आहे? म्हणाले.
आणि दोन माणसांना एक वाक्य कसं?
ग्रेड बघा.
दोन वाक्यं झाली.
वरच्याला पदभार, खालच्याला सेवानिवृत्त.
मधे एक रिकामी ओळ सोडली, ती मात्र
कुणी भरायला सांगितली नाही.

निरोपाला चेंबूरकरांना शाल, नारळ,
आणि सतरा मिनिटं भाषण, स्वतःचंच.
रहाटे तेव्हा स्टोअरमध्ये होते.
स्टोअरकीपरनं वहीत लिहिलं:
लोखंडी चावी, लांब, एक. जमा.
मी ती वही पाहिली.
दिवसभरात कुणीही केलेलं
इतकं चोख भाषांतर मी वाचलं नव्हतं.

एक तारखेला पहाटे माझगावात आमचा नळ खोकला,
बराच वेळ नुसती हवा.
नवव्या आट्याला कुणी थांबलं नव्हतं.

त्याच आठवड्यात रहाटे भेटले, पेन्शनच्या रांगेत.
झोप येत नाही म्हणाले, चारला जाग येते.
उजवा हात पुढे केला.
तळव्यात दांडीचा घट्टा, बोटं तशीच वाकलेली,
जाडजूड काहीतरी धरल्यासारखी.
बघा ना, म्हणाले,
चावी देऊन आलो,
पण मूठ अजून
पुरती मिटत नाही.