कोपरापर्यंत

घोडपदेवच्या लॅबमध्ये पंख्याखाली
एका टॉनिकच्या कॅलेंडरवर गुबगुबीत मूल हसत होतं.
तीर्थाने त्याला विचारलं,
तुझंपण रक्त घेतलं का रे?

कातडीवरची चाचणी जमणार नव्हती.
कोपराच्या खळीत, गुडघ्यांमागे, पाठभर इसब.
टोचायला वीतभर कोरी जागा नाही,
म्हणून शीर.
फर्नांडिस सिस्टरने दोनदा टिचकी मारली.
तीर्थाने रडायचं ठरवून ठेवलं होतं,
पण बाटली भरायला लागली तशी बघतच राहिली,
आणि म्हणाली, हे परत कधी देणार?

तीन मिली.
एवढ्यात म्हणे कळतं
आत कोण कोणाला ओळखून आहे.

बाबा एकतीस वर्षं मशीद बंदरला माथाडी.
पाठीवर शेंगदाण्याची पोती.
घरी आले की खिशांतून, कानामागून फोलपटं निघायची.
माझी कॉलेजची फी, ताईचं लग्न, ही खोली,
सगळं त्याच पोत्यांतून.

संक्रांतीला त्यांनीच नातीच्या हातावर वडी ठेवली.
तीळ, गूळ, दाण्याचा कूट.
आधी ओठ सुजले, मग पापण्या,
मग तो खोकला,
कोरडा, पिल्लू भुंकावं तसा.
टॅक्सीत बाबा एकच बोलले:
भाजलेले होते गं. कच्चे नव्हते.

कुटाचा डबा मी त्याच रात्री घासून ठेवला.
त्या दिवसापासून तीर्थाला उचलण्याआधी
बाबा कोपरापर्यंत हात धुतात.
पोतं शेवटचं उचलून सात वर्षं झालीत.

रिपोर्ट आला.
तीळ: नाही.
शेंगदाणा: शून्य दशांश नऊ.
काजू: चौतीस.

काजू?
मग आठवलं.
वडी मऊ व्हावी, बाबांच्या कवळीला सोसावी
म्हणून मूठभर पूड,
ऑफिसच्या दिवाळीच्या खोक्यातून उरलेली,
मीच घातली होती.

डॉक्टर ओझरकर म्हणाल्या,
आकडा म्हणजे नुसती ओळख.
ओळख आहे म्हणून भांडण होईलच असं नाही,
किती मोठं होईल तेही हा कागद सांगत नाही.
काजू घरात नको, सुई कायम जवळ.
दाण्याचं मार्चमध्ये बघू,
वॉर्डात, आमच्यासमोर, कणाकणाने.
तोवर तोही नकोच.

बाबांना सांगितलं.
त्यांनी कागदावर बोट फिरवलं,
पूर्वी पोत्यांच्या पावतीवर फिरवायचे तसं,
शून्य दशांश नऊपाशी थांबले.
म्हणजे दाणे नव्हते?
म्हटलं, बहुतेक नव्हते.
काजू मीच घातले होते, बाबा.
ते काहीच बोलले नाहीत.
बहुतेक, हा शब्द मात्र
त्यांनी ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितला.

साडेबाराला जिन्यात दप्तर आपटल्याचा आवाज.
आजोबा, उचला!
बाबा उठले.
मोरीतला नळ बराच वेळ चालू होता.
मीही मागे जाऊन उभी राहिले,
बाह्या वर सारून.