पोटखराब

कोसमटोल्यात मोजणीला गेलो. गट नंबर एकशे चौदा.
अर्जदार लालसाय हलामी, सामनेवाली बहीण जैनी.
हिस्सा निम्मा-निम्मा. भांडण असं नाही,
नुसती दोघं एकमेकांकडे पाहत नव्हती.

धानाच्या बांध्यांमधून, बोडीच्या पाळीपासून मोहापर्यंत
एक काळी रांग सरळ गेलेली,
कुठे कमरेएवढी, कुठे गुडघ्याएवढी,
कुणी दोरी धरून रचावी तशी.
"हा काराधुरा," लालसाय म्हणाला.
काळ्याचं कारा इकडे सहज होतं.
"कोणी बांधला?"
"बांधला नाई जी. होताच."

दगडावर होकायंत्र ठेवलं
तर सुई सरकली आणि भलतीकडे रुसून बसली.
उचललं, वीस पावलं बांधीत नेलं, शहाण्यासारखी उत्तरेला.
पुन्हा दगडावर. पुन्हा तेच.
बावीस वर्षं नोकरी मी त्या सुईच्या भरवशावर केली.

मागल्या साली विद्यापीठातून एक मास्तर आणि दोन पोरी आल्या होत्या.
अंगठ्याएवढी भोकं पाडून दगडाच्या कांड्या नेल्या,
नेण्याआधी प्रत्येकीवर बाण काढला.
त्यांचं जेवण जैनीनं रांधलं, म्हणून तिला सगळं ठाऊक:
इथं भुई फाटली होती.
दोनशे कोटी वर्षं झाली असतील, जरा इकडंतिकडं.
खालून रस आला, भेगेत भरला, थिजला,
आणि थिजता थिजता आतल्या लोखंडाच्या कणाकणानं
त्या दिवशीची उत्तर धरून ठेवली.
तेव्हा ही जमीन इथं नव्हती.
कुठं होती ते कांड्या सांगतील म्हणे.
अजून काही निरोप नाही.

वाटणी म्हणावी तर ती.
सगळ्या भुया एका खात्यात, एकच सातबारा,
आणि खालून ऊब वाढत जाते.
अर्ज नाही, नोटीस नाही, पंच नाहीत,
पाठ ताणते, उसवते,
भेग रुंदावत जाऊन समुद्र होते.
काही भेगा नाही होत समुद्र.
ही तसली. फाटता फाटता राहिलेली.
ज्यानं फाडलं त्यानंच टाका घातला,
तोही काळ्या दोऱ्यानं, लपवायचं मनातही न आणता.

पोराच्या भूगोलात वाचलेलं मी तिला सांगितलं:
त्यानंतर, फार नंतर, आणखी एक मोठं खातं फुटलं.
आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आपण,
सगळे सामाईक होतो,
आणि त्या खात्याला नाव पडलं गोंडवन. तुमच्यावरून.
जैनी खूप वेळ हसली.
टेपचं टोक हातातून सुटलं तिच्या.
"मंग त्या बरफात आमचा हिस्सा किती जी?"
लालसाय पण हसला.
तिकडे तोंड करून, पण हसला.

विहीर धुऱ्याच्या वरच्या अंगाला.
उताराचं पाणी भुईतल्या भुईत येतं,
काळ्या भिंतीला टेकतं, थांबतं.
खालच्या अंगाला दोन बोअर कोरडे गेलेत.
वरचा हिस्सा बहिणीला येत होता.
विहिरीचं काय, मी विचारलं.
लालसाय म्हणाला, "बादली तं तिचीच असते तिथं."
यावरून काय लिहायचं ते मला कळलं नाही.
पेन्सिलीनं सामाईक लिहिलं. कुणी खोड म्हणालं नाही.

दगडाचा रकाना तेवढा राहिला.
शून्य हेक्टर अकरा आर.
पोटखराब, वर्ग अ. आकारणी नाही.
लिहिलं, आणि शब्दाकडे पाहत बसलो.
पोटातूनच आलेला, एवढं तर खरं.
खराब कुणाच्या हिशेबानं?

नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढावा लागतो.
काढला. हात थोडा अडला.

डबा सोडायला धुऱ्यावरच टेकलो.
सूर्य येनांच्या मागे गेलेला,
दगड अजून कोमट होता.
उन्हानंच. दुसऱ्या कशानं असणार.