कडा नसलेला ठिपका

बर्लिनमध्ये, आडलर्सहोफच्या तिसऱ्या मजल्यावर
आनेग्रेट बुधावरची विवरं मोजते.
एक गोल काढायचा, माऊस सोडायचा, पुढचा.
जितके खड्डे जास्त तितकी जमीन म्हातारी,
एवढंच गणित. बाकी सगळी पाठदुखी.

आज यानाने धाडलेल्या पट्टीत
खड्ड्यांच्या जागी टेंगळं दिसत होती.
नवा मुलगा म्हणाला, हे डोंगर कधी उगवले?
तिने चित्र उलटं फिरवलं.
ऊन खालून येत होतं, इतकंच.
डोळा धरूनच चालतो की ऊन वरून येणार.

हे तिला बुधाने नाही शिकवलं.
ओरानियेनबुर्गच्या स्वयंपाकघरात, मेणकापडावर
लोथार दुहेरी भिंगाखाली फोटो मांडायचा,
पंचेचाळीस सालचे,
शत्रूच्या विमानातून काढलेले आपल्याच गावाचे:
कालवा, रेल्वेचं यार्ड,
आणि मळलेल्या पिठात बोटं रुतावीत तसे खड्डे.
त्यातल्याच एका तळघरात तो होता, सात वर्षांचा.
हे एकदाच सांगितलं, बटाटे सोलताना.

"मोठ्यांकडे बघू नकोस," म्हणायचा,
"ते बोलून मोकळे झाले.
बारीक ठिपका शोध. कडा नसलेला,
भोवती माती न उडालेला.
तो अजून आत आहे."

बुधावर ही भानगड नाही.
जे आदळलं ते तिथल्या तिथे फुटलं.
पाऊस नाही, वारा नाही,
खड्डा बुजवून वर कोणी बालवाडी बांधत नाही.
मोजावं आणि घरी जावं.

तरी प्रत्येक चित्राशी ती जराशी रेंगाळते,
मोठं करत नेते, चौकोन चौकोन दिसेपर्यंत.
हा एक. बारीक. कडा नाही.
कॅमेऱ्याचा दोष असणार.
तक्त्यात त्याला रकाना नाही.
ती त्याच्याभोवती गोल काढत नाही,
पुसतही नाही.

दुपारी लोथारचा फोन.
आश्रमातल्या सगळ्यांना बसमध्ये बसवलंय,
खोदकामात काहीतरी लागलंय,
हजार मीटरचा परिसर रिकामा करतायत,
आणि त्याला कोणी धड सांगत नाही, नेमकं कुठे.
मागून परिचारिकेचा आवाज, एका रस्त्याचं नाव.
लोथार गप्प.
बसचं इंजिन तेवढं ऐकू येतं.
"तो मी लिहून दिला होता," म्हणतो,
"शहाण्णव साली.
तेव्हा वर कुणाचं तरी गॅरेज होतं."