एकतिसावा

मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात, सुरमईच्या क्रेटांमागे
बाबल खवणेकरचं आयुष्य रचून ठेवलंय:
सत्तेचाळीस चित्रपट, साडेपाचशे डबे,
काही रिळं कुठे गेली ते विचारू नका.
तो होता तोवर भाडं द्यायचा.
आता बस्त्याव म्हणतो, राहू दे, मासळीला काय त्रास.

पुण्याहून पत्र आलंय. जागा कमी आहे,
उत्तम तेवढे पाच पाठवा.
मी क्लॅप देणारा. मला नावांआधी आकडे आठवतात.
भर एप्रिलात मफलर गुंडाळून डबे उघडत बसतो.
झाकण निघालं की आंबट वास,
आगळाची बरणी उन्हात विसरावी तसा.

पहिला चांगला. पहिला बहुतेकांचा चांगलाच असतो,
माणूस त्यात वीस वर्षांचं साठवलेलं ओततो.
चौथा त्याहून सरस: देवबागची तर,
आणि कधीच पलीकडे न उतरणारा तरीवाला.
शहरात अकरा दिवस चालला. इथे तीन.
तिसऱ्या दिवशी थेटरात आम्ही सहा जण,
त्यातले दोघे पंख्याखाली झोपायला आलेले.

मग तो घाईला लागला.
बहिणीचं लग्न: सहावा, सातवा.
कुडाळचं घर, कौलं, विहीर: नऊ ते बारा.
एका वर्षात चार काढले,
तोच हवालदार, तीच मेहुणी,
सेटही तोच, फक्त पडदे बदललेले.
पंधराव्याची गोष्ट मला सांगता येणार नाही.
शूटिंग चालू असतानाही आली नसती.

एकविसावा मात्र कसा झाला कुणालाच कळलं नाही.
पैसे संपले, नट पळाला,
म्हणून नटाशिवायच काढला:
एक रिकामी खुर्ची, आणि तिच्याशी बोलणारं अख्खं गाव.
पेपरात छापून आलं, केवढं धाडस.
बाबल म्हणाला, "धाडस खयचा, उधारी."

एकदा तारकर्लीच्या पुळणीवर मी विचारलंच,
इतके कशाला? थोडे काढ, नीट काढ.
समोर रापण ओढत होते.
"जाळ्यात काय येतला ता दर्या ठरयता," म्हणाला,
"आपण ओढूचा."
तेव्हा पटलं. आता पटत नाही.
रापणकार रोज पहाटे उठतो हे खरं,
पण कुजका बांगडा ताजा म्हणून विकत नाही.
बाबलने विकला. निदान नऊ वेळा.
पाटीवर माझंही नाव होतं, बारीक अक्षरात,
आणि पगार मी मोजून घेतला होता.

तर पाच निवडलेत:
एक, चार, एकवीस, बावीस, चाळीस.
चाळिसाव्यावरून वाद घालायला मी तयार आहे.

एकतिसावा, 'मेहुणीचा गॉगल', कुणी मागणार नाही.
दुसऱ्या गाण्यात नायिका पुळणीवरून धावते,
उगीच; तेव्हा सगळ्याच धावायच्या.
तिच्या खांद्यामागे, नऊ सेकंद,
रापणीचा दोर ओढणाऱ्या रांगेत शेवटचा
बाबलचा बाप.
मुलाचा एकही चित्रपट न पाहिलेला.
कॅमेऱ्याकडे पाठ. टाच वाळूत रुतलेली.
संकलक म्हणाला, मागचं सगळं धूसर आहे, कापतो.
"ऱ्हवांदे," बाबल म्हणाला.
"तो घरातय असोच दिसायचो."

बस्त्याव दार लावायला आलाय,
गोव्याचा ट्रक बाहेर भोंगा वाजवतोय.
पाचही चित्रपट बांधले,
हापूस भरतात तसे, पेंढ्यात.
वर एक सुटा डबा, न मागितलेला.
झाकणावर खडूने सवयीनं लिहिलं:
गाणं दोन, शॉट सात, टेक एक.

नायिका दुसरा टेक मागत होती.
पण बाप वाट्याची मासळी घेऊन
घरी गेला होता.