हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे

पुंता अरेनासला वारा पिसाळला की
पालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
धरून धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
त्याच आठवड्यात जहाजातून उतरले
इस्पितळाचे दोन नवे सर्व्हर,
फोमच्या गादीत, पायाशी स्क्रूंची पुडी,
आणि उशाशी एक पुस्तिका.
बारा पानांची. मी मोजली.

पहिली सात पानं एकोणीस भाषांत सांगतात
यंत्र पाण्यात बुडवू नका,
लहान मुलांच्या हाती देऊ नका.
(आमच्या तळघरात मूल कोण आणतंय?)
आठव्यावर एक हात. चेहरा नाही, खांदा नाही,
मनगटापासूनच सुरू झालेला,
डिस्क आत सरकवतोय. शेजारी बाण.
नवव्यावर: ‘जोडणीसाठी आकृती चार पाहा.’
आकृत्या तीनच आहेत.
दहावं पान हमीचं,
म्हणजे कशाकशाची हमी नाही त्याची यादी.
अकराव्याच्या मधोमध एकच ओळ:
‘हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे.’
आता ती ओळ आहे म्हणजे पान कोरं नाही,
पण एवढ्यावरून भांडायला वेळ नव्हता,
दिवा लुकलुकत होता.

केशरी. तीनदा भरभर, एकदा सावकाश.
बारावं पान: ‘केशरी दिवा लागल्यास
विक्रेत्याशी संपर्क साधावा.’
विक्रेता सान्तियागोत.
चाळीस मिनिटं पियानो ऐकला,
मग गोड गळ्याचा एक पोरगा विचारतो,
‘सेन्योरा, पुस्तिका वाचलीत का?’

वाटाण्याच्या अक्षता घेऊन
पुन्हा त्या हिरव्या बोर्डावर वाकले,
टॉर्च दातांत.
सात चिमुकली बटणं एका रांगेत,
नाव नाही, आकडा नाही,
ताकाला तूर लागू देत नाहीत.
सात बटणांच्या तऱ्हा होतात एकशे अठ्ठावीस.
वहीत लिहून एकेक करत गेले.
बेचाळिसाव्या तऱ्हेला पंखे किंचाळले,
त्रेसष्टाव्याला सगळंच गप्प,
आणि वर, एक्स-रे पाकिटांत घालून
नर्स मारिसोल जिने चढत होती, उतरत होती.
मी दोर धरून घरी गेले.
दोर धरून परत आले.

जुन्या सर्व्हरचं मॅन्युअल चारशे पानांचं.
एलियेसर बाहामोन्दे निवृत्त झाला तेव्हा
काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवून गेला.
समासात त्याचं पेन्सिलीचं तिरकं अक्षर:
‘पान ८८ वर विश्वास ठेवू नको.’
‘इथे थांब. वीसपर्यंत मोज. मग.’
‘हे मी रडून शिकलो.’
इतकी वर्षं मला वाटायचं, ते पुस्तक कंपनीचं आहे.

तिसऱ्या रात्री येर्को आला,
मातेसाठी पाणी तापवायला.
किटलीला जागा हवी, म्हणून
सर्व्हरची डावी वायर उपटली,
विचारलं नाही, बघितलंही नाही.
मी ओरडायला तोंड उघडलं
ते उघडंच राहिलं.
पाणी उकळलं. त्याने वायर परत खोचली.
दिवा हिरवा.

‘काय केलंस?’
‘पाणी तापवलं.’

दुसऱ्या सर्व्हरवर मुद्दाम करून पाहिलं:
आधी उजवी, मग चार मिनिटांनी डावी.
किटलीसकट. उगाच धोका कशाला.
तोही हिरवा.
सात बटणं होती तशीच, मुकी.

पहाटे, छपराचे पत्रे वाजत असताना
मी अकरावं पान उघडलं
आणि त्या ओळीच्या खाली लिहिलं,
पेन्सिलीने, जमेल तितकं सरळ:
‘आधी उजवी वायर. डावी, पाणी उकळल्यावर.
का, ते ठाऊक नाही. — निदिया कार्कामो.’

येर्को म्हणाला, असं कुठे लिहितात का?
मग पेन्सिल ओढून घेतली
आणि आकृती चार काढायला बसला.
दोन वायरी. किटली, वाफेसकट.
आणि हात.
त्याला मात्र त्याने मनगटाच्या मागे कोपर काढलं,
खांदा काढला, दुमडलेली बाही,
बाहीचं तुटलेलं बटण.