चैत्रात तेल सुटतं

उत्तरेश्वर पेठेत आमचा घाणा आहे, म्हणजे आता मोटार आहे,
लोखंडी, तासाला चाळीस किलो शेंगदाणा.
त्याच्याआधी चिंचेचा होता, पुरुषभर,
निम्मा जमिनीत.
वडील म्हणत, हिरडीत दाढ असावी तसा.

एसोनो आला तो रविवारी, रिकामी बाटली घेऊन.
गॅबॉनचा. विद्यापीठात रसायन शिकतो,
राजारामपुरीत भाड्यानं.
त्याचं मराठी आकड्यांपुरतं, माझं इंग्रजी भाव सांगण्यापुरतं.
भरलेल्या बाटलीचं बूच काढून त्यानं वास घेतला
आणि उभाच राहिला.
मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली.

मग कधीतरी पेंडीच्या पोत्यावर बसून त्यानं मोबाइलवर दाखवला
लाकडाचा माणूस, हातभर.
गुडघे दुमडलेले, पोटऱ्या टरटरीत,
कपाळ तान्ह्या बाळाचं, पुढं आलेलं,
तोंड मात्र म्हाताऱ्याचं, काहीतरी गिळून मिटलेलं.
डोळ्यांच्या जागी पितळेच्या चकत्या.
देव का, म्हटलं.
नाही म्हणाला. वॉचमन.

झाडाच्या सालीचा डबा, आत आज्या-पणज्यांच्या कवट्या,
वर हा बसलेला. बिएरी म्हणतात.
अंगाला तेल चोपडायचं, पाम तेल.
मी हसलो. रेशनवर मिळायचं ते?
तो हसला नाही. ताजं असतं तेव्हा लाल असतं, म्हणाला.
गाव उठलं की डबाही उठायचा, कुणाच्या तरी पाठीवर.
मेलेल्यांना मागं टाकून जायची पद्धत नव्हती.
पुढं गोरे आले. काही जाळले, काही नेले.
नेताना डबा उपडा केला.
हाडं झाडीत, वॉचमन बोटीत.
आता परमुलखात काचेत बसलाय, राखायला काही नाही,
आणि अजून तेल सुटतं त्याला, एसोनो म्हणाला,
शंभर वर्षं झाली. पुसतात. परत सुटतं.

मी त्याला वडिलांचं सांगितलं.
आम्ही लिंगायत, जाळत नाही.
बसवून नेलं, बसवूनच ठेवलं,
मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग,
भोवती विभूती, बेल, मीठ.
पहिली मूठ माती गुडघ्यावर पडली
तेव्हा वाटलं, आता पाय सरळ करतील,
कळ लागली रे, म्हणतील.

एसोनोनं विचारलं, वर कोण बसतं?
वर?
त्यांच्या वर. राखायला.
दगड आहे, म्हटलं. नाव आहे त्यावर.
त्याला ते पुरलं नाही.
रात्री मलाही पुरेना.

कारण घाणा मी विकला होता.
शिरोलीच्या पुढं, हायवेला, एका हॉटेलवाल्याला,
सतरा हजाराला, शोभेसाठी.
उपटायला क्रेन लागली.
खड्ड्यात काँक्रीट ओतलं, त्यावरच मोटार बसवली.

चैत्रात गेलो. चहा सांगितला, घेतला नाही.
दारातच उभा केलाय, वार्निश मारून,
गळ्यात प्लास्टिकच्या झेंडूची माळ.
पाटी आहे: जुन्या काळचा घाणा. हात लावू नये.
उन्हानं वार्निशला फोड आले होते
आणि फोडांच्या कडेनं काळं, दाट,
कुणी घाई करत नसल्यासारखं
खाली येत होतं.
वडील जाऊन अकरा वर्षं, घाणा थांबून सोळा.

एक पोरगं फडकं घेऊन आलं.
रोज पुसतो काका, म्हणालं, तरी येतंयच.
गिऱ्हाइकाच्या कापडाला लागलं की मालक मला बोलतो.
नाव विचारलं. दावल, म्हणालं, रुकडीचा.
काय सांगावं त्याला.
खिशातून शंभराची नोट काढली, परत ठेवली,
आणि म्हटलं, ते फडकं दे इकडं. धुऊन आणतो.

चार महिने झाले.
दावलला नवीन पंचा नेऊन दिला.
ते धुतलेलं नाही.